वरचा एक रुपया

घाई नसेल अशी वेळ निवडा. घरात एखादं एक रुपयाचं नाणं कुठे ना कुठे पडलेलं असतंच: देवघरात, पर्सच्या तळाशी, किल्ल्यांच्या वाटीत. ते शोधा आणि तळहातावर ठेवा. श्वास त्याच्या चालीनं चालू द्या. दिवसभर आपण रुपये मोजतो. पुढचा थोडा वेळ हा एकच रुपया नुसता पाहायचा आहे.

आधी त्याच्यावर जे लिहिलंय ते वाचा. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, त्यांच्या पायाशी 'सत्यमेव जयते'. दुसऱ्या बाजूला एकाचा आकडा. नाणं अलीकडचं असेल तर रुपयाचं चिन्हही दिसेल. उदयकुमार यांनी रेखाटलेलं हे चिन्ह सरकारनं १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. देवनागरी 'र' त्यात सहज ओळखू येतो. मग वर्ष शोधा. त्याच्याखाली चौकटच्या आकाराची बारीक खूण असेल, तर हे नाणं मुंबईच्या टांकसाळीत पडलं. तारा असेल तर हैदराबादला, ठिपका असेल तर नोएडाला, आणि काहीच नसेल तर कोलकात्याला.

त्या वर्षापासून हे नाणं किती हातांतून गेलं असेल? भाजीवाली, एसटीचा कंडक्टर, देवळातली दानपेटी, कुणा पोराचा खिसा. मन त्या हातांच्या मागे जाऊ लागेल, तर जाऊ द्या. मग एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांच्यापैकी कुणाचंच नाव नाण्यावर उरलेलं नाही. ज्यानं काल ते दिलं, त्याचा आज त्याच्यावर काडीचाही हक्क नाही. एवढं निरीक्षण जवळ ठेवा, पुढे ते लागणार आहे.

आता वजन. नाणं तळहातावर जरा झेला. तीन-चार ग्रॅमचं स्टेनलेस स्टील आहे हे. डोळे मिटा आणि याच्या तिप्पट जड नाणं कल्पून पाहा. कंपनी सरकारनं १८३५ च्या कायद्यानं आपल्या सगळ्या मुलखासाठी जो एक रुपया ठरवला, तो १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. त्याच्या बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. तोळ्याचं वजनही हेच. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणून तागडीत ऐंशी कोरे रुपये टाकले की शेर भरायचा. रुपयानं किंमत सांगता यायची आणि वजनही करता यायचं.

मागे गेलं तर सोळाव्या शतकात शेरशाह सूरनं पाडलेला रुपया भेटतो, वजनानं जवळपास एवढाच. त्याच्याही मागे संस्कृतातलं 'रूप्य' आहे, ठसा उमटवलेली चांदी. म्हणजे चांदी नावातच होती. मग ती हळूहळू निघून गेली. १८९३ पर्यंत कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. त्या वर्षी सरकारनं ती बंद केली आणि रुपयाची किंमत त्याच्यातल्या चांदीपासून सुटी झाली. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण पडली तेव्हा, एक रुपयाची कागदी नोट आली. १९४० मध्ये नाण्यातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ मध्ये तीही गेली आणि निकेल आलं. पुढे स्टील आलं. १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं मुंबईसह चार शहरांत डिजिटल रुपया लोकांच्या हाती देऊन पाहायला सुरुवात केली. त्याला तर वजनच नाही.

इथे थोडं थांबा. चांदी गेली, तोळा गेला, नाव राहिलं. मग या सगळ्या काळात रुपया म्हणजे नेमकं काय होतं? 'विश्वास' हे उत्तर लगेच जिभेवर येतं. ते खोटं नाही, पण फार लवकर येतं. त्याला जरा ताटकळत ठेवू.

विश्वास आयता मिळत नसे तेव्हा काय होत होतं, ते आधी पाहू. पेशवाईतल्या पुण्याच्या एखाद्या पेठेत तुम्ही उभे आहात. कनवटीला रुपये आहेत, पण त्यांतला एक दुसऱ्यासारखा नाही. अंकुशी आहे, चांदवडी आहे, मल्हारशाही आहे. प्रत्येकाची टांकसाळ वेगळी, चांदी वेगळी, भाव वेगळा. रुपया रुपयाच्या बरोबरीचा आहे की नाही, हे सराफ सांगणार. तो नाणं वाजवून बघतो. खणखणीत वाजलं तर चाललं, बद्द वाजलं तर बाजूला. झिजलेल्या किंवा परमुलखातल्या नाण्याला तो बट्टा कापतो. सरकारी खजिन्यात हीच पारख करायला पोतदार बसलेला असतो. देणाऱ्या-घेणाऱ्याच्या मध्ये दरवेळी एक पारखी, आणि त्या पारखण्याचे वेगळे पैसे.

ही फार जुनी गोष्ट आहे असंही समजू नका. मराठवाड्यातल्या वयोवृद्ध माणसांनी दोन रुपये एकाच वेळी वापरलेले आहेत: निजामाचा हाली आणि ब्रिटिशांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. १९४८ साली निजामाचं संस्थान भारतात आलं, त्यानंतरही काही वर्षं हा हिशोब चालला. गोव्यात पोर्तुगीजांची रुपिया होती, तिचे सोळा टांगा व्हायचे. १९५८ मध्ये तिच्या जागी एस्कुदो आला आणि तीन वर्षांत गोवा मुक्त झाल्यावर तोही गेला.

आता हातातल्या नाण्याकडे पाहा. ते कुणीही वाजवून बघणार नाही. नागपुरात घेतलेलं नाणं सावंतवाडीत चालेल, आणि त्याला तिथे बट्टा नसेल. ही सोय आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती सोय आहे हेही जाणवत नाही. एक क्षणभर ती जाणवू द्या.

पुढे चला. हा रुपया मनातल्या मनात मोडा. आज तो मोडला तर शंभर पैसे होतात, आणि तेही फक्त कागदावर. १ एप्रिल १९५७ पूर्वी तो सोळा आण्यांचा होता. चार पैशांचा आणा, तीन पैंचा पैसा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. सोळाची गंमत अशी की तो निम्म्यानं मोडत जातो आणि कुठे अडत नाही. रुपयाची अधेली, अधेलीच्या दोन पावल्या, पावलीच्या दोन चवल्या, चवलीचे दोन आणे. दशमान पद्धत आली आणि आणा सव्वासहा नव्या पैशांचा झाला. सव्वासहाचं नाणं तर नव्हतं. म्हणून एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे, असं कोष्टक करावं लागलं. सात वर्षांनी, १९६४ मध्ये, 'नवा' हा शब्द गळला आणि पैसा नुसता पैसा झाला. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं. तरी चार आणे आणि आठ आणे बोलण्यातून गेले नाहीत, आणि एखाद्याचं म्हणणं आपल्याला आजही सोळा आणे पटतं.

या सोळा आण्यांचा एक वापर असा आहे की त्यात पैशाचा संबंधच येत नाही. पीक हाताशी येतं तेव्हा महसूल खातं गावाची आणेवारी ठरवतं. उत्तम पीक म्हणजे सोळा आणे. आता तिला पैसेवारी म्हणतात आणि पूर्ण पीक शंभर पैशांचं धरतात. 'पैसेवारी पन्नासच्या आत' ही बातमी ज्या तालुक्यात येते, तिथे टंचाईच्या सवलतींची वाट पाहणं सुरू होतं. जमिनीतला भावकीचा हिस्साही असाच सांगितला जायचा: अमक्याचे चार आणे, तमक्याचे दोन.

या रुपयावर जरा रेंगाळा. इथे तो विकत काहीच घेत नाही. शिवारभर उभी असलेली ज्वारी म्हणजे एक रुपया, सगळ्या भावांची मिळून जमीन म्हणजे एक रुपया. 'पूर्ण' या कल्पनेला लोकांनी रुपया हे नाव दिलं. ज्याचे भाग पाडता येतात आणि सगळे भाग जुळवले की ज्याच्यात काही कमी राहत नाही, ते. रुपयाचं पहिलं उत्तर इथे मिळतं. तो एक माप आहे.

पण माप म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: माप स्वतः स्थिर आहे का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जो प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये पुस्तकरूपानं आला. त्याचा विषय रुपयाचा प्रश्न हाच होता. त्या काळी वाद चालला होता तो रुपया किती शिलिंग-पेन्सांचा धरायचा यावर. आंबेडकरांचं लक्ष दुसरीकडे होतं. रुपयाचा परदेशातला भाव सांभाळण्यापेक्षा इथल्या बाजारात त्याला काय मिळतं ते स्थिर राहणं त्यांना महत्त्वाचं वाटत होतं. पुढे भारताच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

तुमच्या लहानपणी एका रुपयात काय यायचं ते आठवा. आठवणी गोड असतील, पण त्या गोडीत फार वेळ रमू नका. त्याऐवजी विचार करा, माप ताणलं जातं तेव्हा ते कुणाच्या अंगावर ताणलं जातं? ज्याच्याकडे जमीन आहे, घर आहे, सोनं आहे, त्याच्या वस्तूंचे भावही रुपयाबरोबर वर सरकतात. ज्याच्याकडे फक्त रुपये आहेत, तेही महिन्याच्या महिन्याला ठरलेले, त्याच्या हातात आकडा तोच राहतो आणि पिशवी हलकी होते. ठरलेल्या व्याजावर जगणारे आजोबा. धुणीभांडी करणाऱ्या बाई, ज्यांचा पगार वाढवायचं आपल्याला दोन वर्षं सुचलेलं नाही. त्यांच्यापैकी एक चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि थोडा वेळ तिथेच राहा.

आता खिशातली शंभराची नोट काढा आणि नाण्याशेजारी ठेवा. नोटेवर एक वचन छापलेलं आहे: धारकाला शंभर रुपये दिले जातील, आणि त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही. पण शंभर रुपये म्हणजे काय देणार? पन्नासच्या दोन नोटा दिल्या, तर त्यांच्यावरही वचनच आहे. दहाच्या दहा दिल्या, तरी तेच. असं उतरत उतरत खाली आलात की एक रुपयाच्या नोटेशी पोचता. ती रिझर्व्ह बँकेची नाही, भारत सरकारची आहे. तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि वचन मात्र नसतं. तुमच्या तळहातावरच्या नाण्यावरही ते नाही. वचनांचा जिना इथे संपतो. हे नाणं पुढे काही देण्याचं कबूल करत नाही. 'शंभर रुपये देईन' या वाक्यातला रुपया म्हणजे हाच.

मग त्याच्यात दम कशाचा? याचं उत्तर कायद्यात आहे आणि ते कोरडं आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी एक हजार रुपयांपर्यंतचं देणं चुकवायला वैध आहेत. कायदा या नाण्याला मौल्यवान म्हणत नाही, टिकाऊ म्हणत नाही. एवढंच सांगतो, की हे दिलं की देणं फिटलं.

मघाशी ताटकळत ठेवलेलं 'विश्वास' हे उत्तर आता आत घेता येईल, थोडं नेमकं करून. रुपयावरचा विश्वास म्हणजे देणं फिटतं यावरचा विश्वास. मी दिलं, तुम्ही घेतलं, आता आपल्यात काही राहिलं नाही, हे दोघांनाही मान्य असणं. आणि सुरुवातीला जवळ ठेवलेलं निरीक्षणही इथेच बसतं. नाण्यावर आधीच्या माणसाचं नाव उरत नाही, कारण ते न उरणं हेच नाण्याचं काम आहे.

हे काम ऐकायला रूक्ष वाटतं. माणसामाणसांतला धागा तोडणारं वाटतं. तसं वाटत असेल तर एक जुनं गाव नजरेसमोर आणा, जिथे रुपया फारसा चालत नव्हता. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, महार. वर्षभर ज्यानं त्यानं आपलं काम करायचं आणि सुगीला खळ्यावर बलुतं मागायचं. नांगर दुरुस्त केला म्हणून इतके आणे, दाढी केली म्हणून इतके, असं काही नाही. पाटलाच्या ओसरीवरून पाहिलं तर हे मोठं आपुलकीचं वाटतं: पैशाचा व्यवहार नाही, सगळे एकमेकांचे. खळ्याच्या कडेला हात पसरून उभं राहिलेल्याच्या जागेवरून पाहा. त्याचा हिशोब कधीच मिटत नाही. बापानं केलं म्हणून मुलानं करायचं. बोलावणं येईल तेव्हा जायचं. किती मिळेल ते देणारा ठरवणार, आणि 'आता आपलं काही राहिलं नाही' असं म्हणून उठून जायची मुभा नाही. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात, गावच्या पिढीजात चाकरीला बांधून ठेवणाऱ्या महार वतनाविषयी विधेयक मांडलं, ते याच न मिटणाऱ्या हिशोबाविरुद्ध. रुपयावर प्रबंध लिहिणारा आणि वतनाविरुद्ध उभा राहणारा माणूस एकच होता, हा मला योगायोग वाटत नाही. ती वतनं जायला पुढे १९५८ चा कायदा व्हावा लागला.

गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आलेल्याला महिन्याला रोख पगार मिळायचा. केलेल्या कामाचा दाम, आणि भोंगा झाला की माणूस आपला मोकळा. रुपयानं सगळं सोडवलं असं मात्र नाही. त्याच गिरण्यांत दलितांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा जोडताना तोंडाला लावावा लागे. माणसं जे मनात धरून बसतात ते नाणं धुऊन काढू शकत नाही. पण देणं फिटलं म्हणून ताठ मानेनं उठून जाता येणं, ही लहान गोष्ट नव्हती. दुकानात सुटे पैसे परत घेऊन, आभार न मानता, वळूनही न पाहता आपण निघून येतो, त्यात या मोकळेपणाचा अंश आहे. तो ओळखा.

आता शेवटचा रुपया. त्याला नाणंही लागणार नाही, आठवण पुरे. लग्नाच्या अहेराचं पाकीट डोळ्यांसमोर आणा. दुकानात ते मिळतं तेच मुळी वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. आत शंभर, पाचशे, हजार, जे काही असेल त्याच्यावर हा एक. एकशे एक, पाचशे एक. पूजेला सव्वा रुपया, बक्षिसाला एक्कावन्न. ज्याला आणेवारी नीट कळते, पै न पै चुकती करण्याचा ज्याला अभिमान आहे, तोच समाज आपल्या माणसांना देताना मुद्दाम वर एक ठेवतो. शंभर पुरे झाले, मिटले. एकशे एकात पुढची मोजणी सुरू झालेली असते. अनेक घरांत याचा अर्थ असाच सांगतात: हे इथे थांबू नये, वाढत जावं. परदेशी असलेली मावशी आता फोनवरून पैसे पाठवते, आणि तिथेही ५०१ असाच आकडा टाकते. चिकटवायला पाकीट नाही, तरी वरचा एक सुटलेला नाही.

या एका रुपयात विकत घेण्यासारखं जवळपास काही उरलेलं नाही. गोळी-चॉकलेट, एखादी काडेपेटी कदाचित. पण माझ्या मते मराठी घरांत रुपयाचा सर्वांत विचारपूर्वक वापर हाच आहे. बाकी सगळे रुपये हिशोब मिटवायला आहेत. हा एक मुद्दाम शिल्लक ठेवायला आहे. ज्यांच्याशी फिटंफाट करायची नाही, त्यांच्यासाठी.

उद्या पैसे द्याल तेव्हा प्रत्येक वेळी देण्याआधी एकदा मनाशी विचारा: हे मिटवायचं आहे की चालू ठेवायचं आहे? अडचण होते ती या दोहोंची गल्लत झाल्यानं. कामवाल्या बाईंचा पगार आपण 'घरच्यासारख्याच आहात' म्हणत लांबवतो. तो हिशोब मिटवायचा असतो. आणि भावानं अडचणीत केलेल्या मदतीची रक्कम बिलासारखी परत करून त्याला गप्प करतो. तो चालू ठेवायचा असतो. मजुरी ठरल्या तारखेला, पूर्ण, उपकाराची भाषा न करता द्यावी. अहेर देताना शंभरावर थांबू नये.